खुद्री: मुठेचा मासा, त्याचे नाव आणि त्याचा हंगाम

प्राणिशास्त्रात दख्खनच्या महाशीर माशाचे नाव ‘टॉर खुद्री’ असे आहे. जगातल्या कुठल्याही मत्स्यसंग्रहालयात गेलात तरी त्या माशाखाली हेच नाव लिहिलेले दिसेल. यातला ‘खुद्री’ हा शब्द लॅटिन नाही, ग्रीकही नाही. पुण्याच्या पूर्वेला सुमारे आठ मैलांवर, मुळा-मुठेच्या काठी मासे धरणाऱ्या कुणाच्या तरी तोंडचा तो शब्द आहे. खडशी, खडस, खवला अशी या माशाची आणखीही नावे आपल्याकडे आहेत. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या कानाला जे ऐकू आले ते त्याने लिहून घेतले आणि ते कायमचे शास्त्रात गेले.

पुण्याचा इतिहास म्हटले की आपल्याला वाडे, लढाया, पेठा आणि पेशव्यांची पत्रे आठवतात. नदी आठवली तरी ती पुलांपुरती आणि पुरापुरती. त्या पाण्यात कोण राहत होते, त्यांना कोण धरत होते आणि ते कुठे गेले, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच येतो. म्हणून या लेखात पुण्याकडे थोडे पाण्याच्या बाजूने पाहायचे आहे.

साइक्सची वही

कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. पेशवाई १८१८ मध्ये संपली. नव्या मुलखात किती गावे, किती माणसे, कोणती पिके, कसली वजनमापे हे सगळे कंपनी सरकारला मोजून हवे होते. १८२४ मध्ये साइक्सची या कामावर नेमणूक झाली आणि १८३१ पर्यंत तो दख्खनमध्ये फिरत राहिला. सरकारी माहिती गोळा करता करता त्याने पक्षी, प्राणी आणि मासेही टिपले. विलायतेला परतल्यावर लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीसमोर त्याने दख्खनच्या माशांवर निबंध ठेवला. १८३९ मध्ये त्यातली वर्णने छापली गेली आणि १८४१ मध्ये चित्रांसह सविस्तर निबंध आला.

त्यात चाळीसहून अधिक जातींचे मासे आहेत. त्यांची नावे वाचताना आपण एखाद्या जुन्या मासळीबाजारातून फिरतो आहोत असे वाटते: खुद्री, मुसुल्ला, कोलुस, नुक्ता, फुलंगी, बोगुट, शिंगटी, टाकरी, गुंगवारी, बाळूकी. ‘रोहटी’ या नावावरून तर त्याने एक स्वतंत्र प्रजातीच उभी केली. खुद्री मुळा-मुठेतला, मुसुल्ला शिरूरजवळच्या घोडनदीतला, नुक्ता चाकणजवळच्या इंद्रायणीतला. सगळे आपल्या जिल्ह्यातले.

शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे जातीच्या नावापुढे तिचे प्रथम वर्णन करणाऱ्याचे आडनाव लागते. त्यामुळे या माशांपुढे ‘साइक्स’ आहे. ज्याने तो मासा धरला, ओळखला, त्याचे नाव सांगितले, तो भोई होता की कोळी, हिंदू होता की मुसलमान, हे त्या नावात कुठेच येत नाही. त्याचा एक शब्द मात्र उरला. दख्खनच्या सामान्य माणसाच्या बाबतीत इतिहास बहुतेक वेळा असाच वागला आहे.

या घाईचा शास्त्रालाही त्रास झाला. साइक्सच्या अनेक माशांचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत, फक्त वर्णने आणि चित्रे आहेत. त्यामुळे ‘मुसुल्ला’ म्हणजे नक्की कोणता मासा, यावर अभ्यासकांत दीर्घकाळ वाद चालला. कावेरीतल्या पाठीवर उंचवटा असलेल्या अवाढव्य महाशीरला कितीतरी वर्षे हेच नाव चिकटले होते. तो मासा वेगळा असून त्याचे योग्य शास्त्रीय नाव ‘टॉर रेमादेवी’ आहे, हे २०१८ मध्ये स्पष्ट झाले.

गळ, मोती आणि माही मरातब

दख्खनमध्ये गळाने मासे धरण्याची कला इंग्रजांनी आणली, असा एक समज आहे. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रासकडच्या इंग्रज अधिकाऱ्याचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ मध्ये आले आणि महाशीर धरणे हा साहेबांचा मानाचा खेळ झाला, हे खरे. पण त्याच्या साडेसातशे वर्षे आधी कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. कोणता मासा कुठे राहतो, त्याला आधी काय खाऊ घालून वळवायचे, दोरी कशी वळायची, गळाला आमिष काय लावायचे, याची माहिती त्यात दिली आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यात या प्रकरणाचा अभ्यास करून ते जगासमोर मांडले.

मोगल दरबारातही मासा होताच. जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात १६०७ मधली एक नोंद केली आहे. काबूलकडे जाताना हसन अब्दालच्या मुक्कामी त्याने आयुष्यात प्रथमच स्वतःच्या हाताने फेकजाळे टाकले. दहा-बारा मासे लागले. बादशहाने त्यांच्या नाकांत मोती घातले आणि त्यांना पाण्यात सोडून दिले. आज परदेशी शौकीन मासा धरून पुन्हा सोडतात आणि त्याला आधुनिक संस्कृती समजतात. जहांगीरचा तो लहरीपणा होता, पण मासा धरला म्हणजे मारलाच पाहिजे असे नाही, ही कल्पना त्याला सुचली होती एवढे नक्की.

मोगलांच्या सर्वोच्च मानचिन्हांपैकी एक ‘माही मरातब’ होते. माही म्हणजे फारसीत मासा. काठीवर धातूचा मासा बसवलेले हे निशाण बादशहा मोजक्याच सरदारांना देई. १७९२ मध्ये महादजी शिंदे दिल्लीच्या शाह आलम बादशहाकडून सवाई माधवराव पेशव्यांसाठी वकील-ए-मुतलक हा किताब आणि त्यासोबतची मानचिन्हे घेऊन पुण्यात आले. त्यांत माही मरातबही होता. म्हणजे ज्या मुठेत खुद्री पोहत होता, तिच्या काठावर मोगलांचा मासा समारंभाने मिरवला गेला. मराठे आणि मोगल यांच्यात केवळ लढायाच झाल्या असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

चढणीचा हंगाम

आता माशाच्या स्वतःच्या इतिहासाकडे येऊ. त्याचे पंचांग पावसावर चालते. चैत्र-वैशाखात नदी आटते, मासे डोहांत गोळा होतात. मृगाचा पाऊस पडला, ओढ्यांना गढूळ पाणी आले की पोटात अंडी असलेले मासे प्रवाहाच्या उलट वर चढू लागतात. ओढा, नाला, प्रसंगी भाताची खाचरे, जिथे उथळ आणि ताजे पाणी मिळेल तिथे ते अंडी घालतात. मावळात आणि कोकणात यांना ‘चढणीचे मासे’ म्हणतात, कुठे ‘वलगणीचे’. महाशीरही पावसाळ्याच्या पाण्यातच वरच्या अंगाला, खडी-गोट्यांच्या तळावर अंडी घालतो.

या दिवसांत मासा धरायला कौशल्य लागत नाही. अरुंद ओढ्यात तो स्वतःहून येतो. बुट्टी, फेकजाळे, काठी, अगदी नुसता हातही पुरतो. वर्षभर रानावनात राबणाऱ्या कुटुंबाला दोन दिवस पोटभर मासळी मिळण्याचा हा काळ. पूर्वी यामुळे नदी रिकामी झाली नाही, कारण धरणारे थोडे होते आणि चढणारे अगणित.

जगात इतरत्रही हेच घडते. उत्तर अमेरिकेच्या नद्यांत वॉलआय नावाचा मासा आहे. बर्फ वितळून वसंतात पाणी वाढले की तो अंडी घालायला वर चढतो. शिशाचे डोके असलेला गळ तळापर्यंत सोडून, त्याला हलके हिसके देत या माशाला भुलवण्याची तिथल्या लोकांना भारी हौस आहे. विस्कॉन्सिन, मिनेसोटासारख्या राज्यांत बहुतेक पाण्यांवर नेमके अंडी घालण्याच्या दिवसांत बंदी असते. हंगाम मे महिन्यात उघडतो.

मासा सर्वात सहज मिळतो त्याच दिवशी हात आवरायचा, ही गोष्ट मुसलमान वाचकाला नवी नाही. कुरआनच्या सूरह आराफमध्ये समुद्रकाठच्या एका वस्तीचा उल्लेख आहे. शनिवार हा त्यांचा पवित्र दिवस, त्या दिवशी मासेमारी मना. आणि शनिवारीच मासे पाण्याच्या पृष्ठभागावर झुंडीने येत, इतर दिवशी दिसत नसत. ही परीक्षा होती. मुफस्सिरांनी तपशील दिला आहे तो असा, की काही लोकांनी शुक्रवारी चर खणून, जाळी लावून ठेवली आणि रविवारी अडकलेले मासे उचलले. नियम शब्दाने पाळला, अर्थाने मोडला. काही जणांनी त्यांना समजावले आणि काही जण गप्प राहिले. ‘अस्हाबे सब्त’ म्हणून हा किस्सा आपण मदरशापासून ऐकतो, आणि तो दुसऱ्या कुठल्या तरी उम्मतीचा म्हणून सोडून देतो. पहिल्या पावसातला ओढा पाहिला की तो इतका दूरचा वाटत नाही.

समुद्रात पावसाळ्यात यांत्रिक होड्यांना बंदी असते. कोळी असो की रत्नागिरीकडचा मुसलमान दालदी, कायदा दोघांना एकच. नारळी पौर्णिमेपर्यंत थांबण्याची रीत कायद्याच्याही आधीची आहे. डोंगरातल्या ओढ्यावर मात्र कोण कोणाला अडवणार?

भिंती आणि कायदे

नदीचा चढता रस्ता अडला तो बुट्टीने नव्हे. १८५० च्या सुमारास सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेवर बंधारा झाला. बंडगार्डन हे नाव त्यावरूनच आले. १८७९ पर्यंत खडकवासल्याचे धरण उभे राहिले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लोणावळ्याच्या डोंगरात टाटांची वीजधरणे आली. मग मुळशी. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी जमिनीसाठी सत्याग्रह केला तेच हे धरण. स्वातंत्र्यानंतर पानशेत, वरसगाव, आणि १९८० च्या सुमारास खाली भीमेवर उजनी. यांतल्या प्रत्येक भिंतीने शहराला किंवा शेतीला काहीतरी दिले. माशाचा रस्ता मात्र दर वेळी तुकड्यांत मोडला.

हे तेव्हाही कळत होते. हिंदुस्थानच्या मत्स्यव्यवसायाचा सरकारी तपासनीस फ्रान्सिस डे याने १८७३ च्या अहवालात बंधाऱ्यांमुळे माशांचे स्थलांतर अडते हे लिहिले आणि त्यांना वर चढायला वाट ठेवावी असे सुचवले. त्याच अहवालात गावकरी पिल्ले धरतात, सापळे लावतात याचीही तक्रार होती. पुढे १८९७ मध्ये इंडियन फिशरीज अ‍ॅक्ट झाला. त्याने पाण्यात सुरुंगाची दारू उडवणे आणि विष कालवणे हे गुन्हे ठरवले आणि सापळे, जाळ्यांचे डोळे, बंद हंगाम यांबाबत नियम करण्याचे अधिकार सरकारला दिले. कायदा गरजेचाच होता. गेळफळ ठेचून डोहात टाकणे ही जुनी पद्धत होती आणि दारूचा बार तर लहान-मोठा काहीच मागे ठेवत नाही. पण धरणे मात्र या नियमांच्या कक्षेबाहेर वाढत राहिली.

यात एक विरोधाभास आहे, आणि तो टाटांच्या बाजूनेही सांगायला हवा. ज्या वीज कंपनीच्या धरणांनी इंद्रायणी-मुळेची माथी अडवली, तिनेच १९७० च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवण येथे महाशीरचे कृत्रिम प्रजनन सुरू केले. महाराष्ट्राचे मत्स्यसंचालक राहिलेले सी. व्ही. कुळकर्णी आणि त्यांचे सहकारी यांचे हे काम जगभर नावाजले गेले. मोठ्या संख्येने पिल्ले तयार होऊन देशातल्या इतर राज्यांत गेली. खुद्री वाचला तो बऱ्याच अंशी यामुळे. पण हीच पिल्ले कावेरीत सोडली गेली तेव्हा तिथल्या मूळच्या महाशीरला त्यांनी मागे रेटले. तो टॉर रेमादेवी आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत परकाच असतो, हे उशिरा कळले.

शहराचे पाणी

पुण्याच्या माशांच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत, कारण मोजणी वारंवार झाली. साइक्सनंतर १९४० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ‘फिश ऑफ पूना’ या नावाने नोंदी आल्या. १९६३ मध्ये तोनापी आणि मुल्हेरकर यांनी यादी केली. २००३ मध्ये वाघ आणि घाटे यांनी मुळा-मुठेचा पुन्हा आढावा घेतला. त्याच वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये पुणे जिल्ह्यातल्या माशांत दीर्घकाळात काय बदल झाले यावर स्थानिक अभ्यासकांचा लेख आला. सगळ्यांचा रोख एकच आहे: जुन्या यादीतले कित्येक मासे सापडत नाहीत आणि बाहेरून आणलेले वाढले आहेत.

कारणे उघड आहेत. शहराचे सांडपाणी नदीत जाते, पाण्यातला प्राणवायू संपतो. महाशीरला थंड, वाहते, स्वच्छ पाणी लागते. मूळच्या आफ्रिकेच्या आणि १९५२ मध्ये भारतात आणलेल्या तिलापियाला, म्हणजे आपल्या चिलापीला, काहीही चालते. आफ्रिकन मांगूरवर देशात २००० पासून बंदी आहे, तरी उजनीच्या आसपास त्याची चोरटी शेती आणि तिच्यावरच्या कारवाया यांच्या बातम्या येत राहतात. नदी स्वच्छ करण्यासाठी जपानच्या कर्जातून सुमारे ९९० कोटी रुपयांची योजना आली. २०२२ मध्ये नदीकाठ सुधारण्याच्या प्रकल्पाची पायाभरणी झाली. येरवड्याजवळ याच नदीच्या काठावर डॉ. सालिम अलींच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. त्या काठाचे काय होणार, यासाठी पुणेकर आजही भांडत आहेत. काठ सुंदर झाला आणि पाणी तसेच राहिले, तर खंड्याने तिथे बसून काय धरायचे?

दोष कुणाला?

नैसर्गिक संपत्ती आटली की समाज आधी एखादा गट शोधतो. विस्कॉन्सिनचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथल्या ओजिब्वे आदिवासींनी एकोणिसाव्या शतकात सरकारशी करार करून जमिनी दिल्या, पण शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला. राज्याने तो हक्क अनेक दशके नाकारला. १९८३ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला. मग वसंतात ओजिब्वे पुरुष रात्री दिवे लावून भाल्याने वॉलआय टिपू लागले आणि किनाऱ्यावर जमाव जमू लागला. शिव्या, दगड, वंशद्वेषी फलक. आरोप असा की हे लोक आमचे मासे संपवतील. १९९१ मध्ये सरकार आणि आदिवासी यांच्या संयुक्त पाहणीचा अहवाल आला. आदिवासींच्या मासेमारीने माशांचे नुकसान झालेले नाही, असे त्यात निघाले. उलट त्या जमाती स्वतः पिल्ले वाढवून तळ्यांत सोडत होत्या.

आपल्याकडे हे वाचून कुणाला काही ओळखीचे वाटले तर नवल नाही. कोण काय खातो यावरून त्याची नैतिकता ठरवण्याची सवय इथेही वाढली आहे. मांस-मच्छी खाणारा तो निसर्गाचा शत्रू आणि न खाणारा तो रक्षक, अशी सोपी वाटणी केली जाते. मुठेचा पुरावा तिला आधार देत नाही. साइक्स आला तेव्हा काठावरचे भोई, कोळी, मुसलमान, कुणबी सगळे मासे खात होते आणि नदी माशांनी भरलेली होती. ती रिकामी झाली ती आपल्या सगळ्यांच्या न्हाणीघरांतून, कारखान्यांतून आणि भिंतींतून. त्यात शाकाहारी घराचे सांडपाणी वेगळे ओळखता येत नाही.

आणि राखणही कुणा एकाची नाही. देहू-आळंदीच्या डोहांत मासे धरायचे नाहीत ही वारकऱ्यांची जुनी रीत. महाडजवळ वाळण कोंडीत देवीचे म्हणून महाशीर राखले जातात. इकडे सिल्हेटला हजरत शाह जलाल यांच्या दर्ग्याच्या तळ्यातले गजार मासे श्रद्धेने पाळले जातात. चितगावला बायजीद बोस्तामींच्या दर्ग्याच्या तळ्यात काळी कासवे इतकी टिकली की एके काळी ती जात बाहेर निसर्गातून संपली असेच मानले जात होते. श्रद्धेने राखलेले पाणी दोन्हीकडे आहे. मर्यादा एवढीच की डोह राखता येतो, पण वरून येणारे पाणी डोहाला निवडता येत नाही. इंद्रायणीत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या देहूनेही पाहिल्या आहेत.

आपल्या हातात काय आहे, तर दोन गोष्टी. मृगानंतरचे काही आठवडे गाभोळीने भरलेला नदीचा मासा विकत घेऊ नये आणि धरू नये, एवढी खबरदारी कुणालाही घेता येईल. जुम्याच्या बयानात अस्हाबे सब्तचा किस्सा येतो तेव्हा खतीबाने त्याला गावच्या ओढ्याशी जोडून सांगितले तर लोकांना तो लवकर कळेल. दुसरी गोष्ट, नदीच्या प्रश्नावर जेव्हा नागरिक सूचना-हरकती नोंदवतात, मोर्चे काढतात, तेव्हा मुस्लिम मोहल्ले तिथे दिसले पाहिजेत. पूर येतो तेव्हा काठावरच्या वस्त्यांत पाणी शिरते, त्या वस्त्यांत आपली माणसे मोठ्या संख्येने राहतात. नदीचा कारभार ही त्यांचीही बाब आहे.

खुद्री हा शब्द आता शास्त्रातून पुसला जाणार नाही. १८३९ पासून तो तिथे आहे आणि पुण्याच्या नदीची साक्ष देत राहील. मासा मात्र शहराच्या हद्दीत दिसत नाही. धरणांच्या वर, मावळाच्या काही ओढ्यांत तो अजून आहे, आणि पाऊस सुरू झाला की अजूनही वर चढायचा प्रयत्न करतो.